गाळातली वाट

भाई कुणालाही महत्त्वाचं काही सांगत, तेव्हा शेवटी पोच मागत. "आज पलीकडं जाऊ नका, वारं वरनं सुटलंय. पोच द्या." मग ऐकणाऱ्याने "पोचलं" म्हणायचं. न म्हणता निघालात तर भाई मागोमाग येत, आणि तुम्ही एसटीत जाऊन बसलात तर खिडकीखाली उभे राहत. कधीकाळी कुठल्याशा कचेरीत त्यांनी एक अर्ज दिला होता आणि पोच घ्यायचं राहून गेलं होतं. पुढे 'असा अर्ज आलाच नाही' असं त्यांना ऐकून घ्यावं लागलं. तेव्हापासून साऱ्या जगाशी पोच घेऊनच बोलायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. घरातही कुणाची सुटका नव्हती. "कालवणात मीठ न्हाई. पोच द्या," असं ते म्हणत आणि भाभी चुलीपुढून मान वर न करता "पोचलं" म्हणत.

मीही त्यांना अशा पुष्कळ पोचा दिल्या. त्यातली एक खोटी होती. तिच्याबद्दलच लिहायचं आहे, पण थेट तिथं जायला माझा धीर होत नाही.

मी तेव्हा ग्रामसेवक होतो. आधीची नेमणूक पासलीकडे. तिथल्या भातखाचरांच्या बांधांवरून सायकल खांद्यावर घेऊन चालण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. भोर तालुक्यात, धरणाच्या फुगवट्याच्या काठी बदली झाली तेव्हा मी खूश झालो. गाव लहान, वीस उंबऱ्यांचं. पुढे पाणी, मागे डोंगर. जुनं गाव धरण झालं तेव्हा बुडालं, माणसं वर सरकली, पण शंकराचं दगडी देऊळ होतं तिथंच राहिलं. वर्षातले दहा-अकरा महिने ते पाण्याखाली असे. उन्हाळ्यात पाणी उतरायला लागलं की आधी कळस दिसायचा, मग खांब, आणि वैशाखात अख्खं देऊळ गाळात उभं राहायचं. पुढचे तीन-चार आठवडे देव गावाचा. पाऊस लागला की पुन्हा पाण्याचा.

भाई तिथले नावाडी. घर भोरात, मोहल्ल्यात, पण आठ महिने मुक्काम काठावरच्या छपरात, होडीशेजारी. सत्तरीला टेकलेले, उंच, पाठीत जरा वाकलेले. डोक्याला पंचा गुंडाळलेला आणि हातात कायम एक कळक, म्हणजे लांब जाड बांबू. त्या कळकावर हाताहातावर खिळे ठोकलेले होते, पाणी किती खोल ते मोजायला. पण भाई त्याने सगळंच मोजत. मी पहिल्यांदा होडीत बसायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "भाऊसाहेब, तुमी मधी बसा. तुमचं वजन प्वाटात हाय." ग्रामसेवकाला आमच्याकडे सगळे भाऊसाहेबच म्हणतात, पण इतक्या खरेपणाने माझ्याशी त्या गावात आधी कुणी बोललं नव्हतं.

त्यांच्या घराकडे एक मान होता. गाव बुडालं तेव्हा देवाचा मुखवटा भाईंच्या आजोबांनी होडीतून वर आणला. तेव्हापासून देऊळ उघडं पडलं की काठापासून देवळापर्यंतची वाट त्यांच्या घरातल्या माणसाने काढायची, असं गावाने ठरवून दिलं. वाट काढायची म्हणजे शोधायची. धरणातला गाळ फसवा असतो. वरून वाळलेला, भेगा पडलेला, बैल चालवावा इतका घट्ट दिसतो, आणि हातभर खाली लोण्यासारखा मऊ असतो. कुठे पाय टेकेल आणि कुठे माणूस कमरेपर्यंत जाईल, ते पाहून कळत नाही. त्यातून पावसाळ्यात नदी नवा गाळ आणून ओतते, जुना ढकलून नेते, त्यामुळे यंदाची वाट पुढच्या वर्षी तिथं नसते. भाई तीन दिवस अनवाणी चालत. एक पाऊल टाकायचं, टाचेने दाबायचं, कळक खुपसून कानाशी धरायचा. काय ऐकत कोण जाणे. जमीन पटली की तिथं एक काठी रोवायची आणि तिला पांढरी चिंधी बांधायची. तिसऱ्या दिवशी चिंध्यांची वाकडीतिकडी ओळ देवळाच्या पायरीला टेकली की ते काठाकडे बघून हात वर करत. मग गुरव निघे, त्याच्यामागे गाव. भाई स्वतः पायरीपाशीच थांबत. नारळाची अर्धी वाटी आणि नवा पंचा घेत आणि परत येत. ती वाटी ते भोरला घरी पाठवून देत, नातीसाठी.

बाहेरची माणसं देऊळ बघायला यायला लागली ती भाईंमुळेच. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे काहींनी त्यांना पाहुण्यांचा वैरी ठरवलं. उलट पुण्याची कॉलेजची पोरं किल्ले बघून उतरली की हेच त्यांना गाठून म्हणायचे, "पाण्यातला देव बघितला न्हाई? मग काय बघितलं?" आमच्या सरपंच वहिनींना त्यांनीच पटवलं की आलेला माणूस घराघरात पाळीनं जेवायला घालावा. गावातली तरणी पोरं तोवर कामासाठी शिरवळकडे निघून गेली होती, घरात म्हातारी माणसं आणि बायका. चार पैसे गावातच सुटतील म्हणून वहिनींनी हो म्हटलं. भाकरी, पिठलं, गाळपेरातली वांगी. पाणी उतरलेल्या जमिनीवर घेतात त्या पिकाला आमच्याकडे गाळपेर म्हणतात, आणि त्या वांग्यांची चव शहरातल्या माणसाला वेड लावणारी असते.

पण भाईंनी नियम घातला होता की दिवसाला चाळीस माणसं. एकेचाळिसावा आला की तो काठावर. मी विचारलं, "चाळीसच का?"

"चुली किती?"

"वीस."

"दोन पाव्हण्यांना एक हंडा पाणी लागतंय. तेवढा बाईच्या घरात असतो. तिसरा आला की तिला पुन्ना टेकाड उतराया लागतंय. पाव्हणा आपल्या गावाला जातो, तिची कंबर हितंच ऱ्हाती. पोच द्या."

मी पोच दिली. पुढे मी पर्यटनावरच्या बैठकांना बसलो, जाडजूड अहवाल वाचले, पण गावाला किती पाहुणा झेपतो याचा एवढा सरळ हिशोब मला कुठे सापडला नाही.

बाकीचे नियमही होते. टेपरेकॉर्डर आणलात तर त्यातले सेल भाईंकडे जमा करायचे, परतताना न्यायचे. प्रत्येकाला खताच्या गोणीची शिवलेली एक पिशवी, कागद-साली तिच्यात घालून परत आणायच्या. रिकामी पिशवी दाखवली तर ते संशयाने बघत आणि खिसे उलटे करायला लावत. आणि सगळ्यात कडक नियम पाय धुण्याचा. देवळाहून आलेल्या माणसाने वांग्यांच्या वाफ्यात उभं राहूनच पाय धुवायचे. "गाळ हितला हाय, हितंच ऱ्हाऊ द्या," असं ते म्हणत. चांगली शिकलेली माणसं एका पायावर उभी राहून वांग्याच्या रोपाला गाळ परत करताना मी पाहिली आहेत. कुणी कुरकुर केली नाही. भाईंच्या चेहऱ्यावर इतकी काळजी असे की कुरकुर करायची लाज वाटायची.

एकदा वरच्या कचेरीतले साहेब न कळवता आले. नेमके एकेचाळिसावे. मी धावत गेलो, भाईंना बाजूला घेतलं, साहेब म्हणजे काय ते सांगितलं. भाईंनी ऐकून घेतलं, साहेबांना सलाम केला आणि करंजाच्या झाडाखाली घोंगडं अंथरलं. "हुजूर, दोन माणसं न जेवता माघारी यायला लागल्यात. येऊस्तवर बसा." साहेब पाऊण तास बसले. मग बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत वर केली आणि चिंध्यांच्या ओळीतून गेले. परत आले, वाफ्यात पाय धुतले, वहिनींच्या घरी दोन भाकऱ्या खाल्ल्या. जाताना मला म्हणाले, "हे कागदावर आणा. शाश्वत पर्यटनाचा आराखडा करा."

मला कागद लिहायला आवडायचं. माझं अक्षर चांगलं होतं आणि तेवढंच चांगलं होतं असं आमची ही म्हणते. मी आठ दिवस बसून आराखडा लिहिला आणि भाईंना वाचून दाखवला. ते होडीच्या फटीत डांबर भरत होते.

"शाश्वत म्हंजी?"

"टिकाऊ. पुढच्या माणसांनाही मिळेल असं."

"म्हंजी माझ्या नातीला म्या दावीन, तिच्या लेकराला ती दावील?"

"तसंच."

"मग बराबर लिवलंय," असं म्हणून ते पुन्हा डांबराकडे वळले. मला फार बरं वाटलं.

टिकाऊ हा शब्द मात्र माझ्या डोक्यात बसला. त्या चिंध्यांच्या काठ्या मला कच्च्या वाटायला लागल्या. दरवर्षी एका म्हाताऱ्या माणसाने तीन दिवस गाळ तुडवायचा, आणि तो गेल्यावर काय? वाट एकदा सापडली की ती पक्की करून का ठेवू नये? मी निधी मागितला, तो मिळाला. तेलाच्या डब्यांत काँक्रीट ओतून लोखंडी पाईप उभे केले, लाल-पांढरे रंगवले आणि त्या वर्षी भाईंनी जिथं जिथं चिंधी बांधली होती, तिथं तिथं पुरले. भाई काठावरून बघत होते.

"भाऊसाहेब, ही यंदाची वाट हाय."

"असू दे, भाई. पुढच्या वर्षी तुम्ही नुसते तपासा. पाय तरी दुखायचे नाहीत."

ते हसले. त्यांच्यासाठी कुणी काही केलं की ते असेच अवघडून हसत, आणि मी ते कौतुक समजलो. गावातही कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. वाट भाईंचीच होती, आम्ही तिला फक्त लोखंड लावलं होतं.

त्या वर्षी सगळं सुरळीत गेलं. पुढच्या वर्षी मी शिवऱ्याला हायवेच्या कडेला बोर्ड लावला, बाण काढून. वर्तमानपत्रात फोटो आला. पाणी उतरायला लागलं तसे माझे पाईप एकामागून एक वर आले, सगळे जागच्या जागी, एकही कललेला नाही. मी वहिनींना बोलावून ते दाखवले. "भाऊसाहेब, तुमचं काम पक्कं हाय बगा," असं त्या म्हणाल्या. साहेबांनी रीतसर उद्घाटनाची तारीख दिली, पाहुणे ठरले, मांडव सांगितला.

उद्घाटनाला आठ दिवस राहिले असताना भाई ग्रामपंचायतीत आले. गुडघ्यापर्यंत गाळ वाळलेला, हातात कळक. त्या कळकाचे वरचे दोन खिळे सोडून बाकी सगळा चिखलाने माखलेला होता. खोलीत मी एकटाच होतो.

"वाट सरकलीया," ते म्हणाले. "सातव्या खांबापासनं म्होरं समदं पोकळ हाय. यंदाची वाट उगवतीच्या अंगानं जातीया, म्या काठ्या लावल्यात. तुमचं खांब उपटा."

मी निमंत्रणपत्रिकांवर पत्ते लिहीत होतो. काँक्रीटचे डबे उपटायला माणसं लागणार, पुन्हा पुरायला लागणार, आणि साहेबांना काय सांगायचं, की एका वर्षात आमची पक्की वाट चुकली? मी म्हणालो, "भाई, एवढा कार्यक्रम होऊ द्या. लोक तुमच्याच काठ्यांनी जातील, मी सांगतो सगळ्यांना. मग खांब काढू."

"दोन वाटा दिसल्या तर मान्सं लोखंडाच्या वाटंनं जातील."

"मी उभा राहीन तिथं."

त्यांनी कळक जमिनीवर टेकवला. मग म्हणाले, "खांब उपटा. पोच द्या."

"पोचलं," मी म्हणालो आणि पुढचा पत्ता लिहायला घेतला. ही ती पोच.

उद्घाटनाच्या दिवशी काठावर जत्रा भरली. बोर्ड पाहून आलेल्या गाड्या गाळपेरात घुसल्या होत्या. चाळीसचा नियम कुणी मोडला असंही म्हणता येणार नाही, कारण तो कुणाला सांगायलाच जागा नव्हती. भाई सकाळपासून पाईपांच्या तोंडाशी आडवा कळक धरून उभे होते आणि येणाऱ्याला चिंध्यांकडे वळवत होते. ते तिथं राहिले असते तर काही झालं नसतं. पण पलीकडच्या काठावर काही मानाचे पाहुणे येऊन थांबले होते आणि त्यांना आणायला होडी हवी होती. मी भाईंना म्हणालो, "तुम्ही जा, मी इथं आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कळक माझ्या हातात दिला आणि होडीकडे गेले.

मी तिथं होतो, अगदी थोडा वेळ. मग साहेबांनी हाक मारली, फीत कापायला कात्री सापडत नव्हती. कळक मांडवाच्या खांबाला टेकवून मी कात्री शोधायला गेलो.

पुण्याहून आलेल्या एक शाळेच्या बाई, पन्नाशीच्या, हातात पूजेचं ताट घेऊन सगळ्यांच्या पुढे निघाल्या. समोर लाल-पांढरे खांब सरळ ओळीत देवळाकडे गेलेले. त्या खांबांच्या वाटेने गेल्या. सातव्या खांबापलीकडे त्या मांडीपर्यंत खाली गेल्या, धडपडल्या तशा कमरेपर्यंत गेल्या. लोक धावले, त्यातले दोघे-तिघे गुडघ्यापर्यंत अडकले. कुणीतरी मांडवाचा दोर आणला, बाईंच्या काखेतून घातला आणि दहाबारा जणांनी ओढला. बाईंच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला लिहिता येणार नाही. खुब्याचं हाड सरकलं होतं.

भाई तोवर पाण्यात मध्यावर होते. त्यांनी होडी वळवली आणि तिथूनच ओरडले, "दोर सोडा. समदी हाय तितं खाली बसा." मी त्यांना ओरडताना ऐकलं ते तेवढंच. होडीतल्या बसायच्या फळ्या त्यांनी उचकटल्या, गाळावर टाकल्या आणि त्यांवर पोटावर झोपून सरकत गेले. बाईंच्या पायांभोवतीचा गाळ हाताने मोकळा करायचा, घागरीने पाणी ओतायचं, पुन्हा मोकळा करायचा. ऊन डोक्यावर आलेलं. ते बाईंशी सारखं बोलत होते. कोणत्या शाळंत हाय, कितवीला शिकिवता, पोरं मारकुटी हायत का. बाई उत्तरं देत होत्या. सूर्य कलला तेव्हा त्या बाहेर आल्या. वाचल्या, पण पुढे त्या काठीशिवाय चालल्या नाहीत, असं मला नंतर कळलं.

तिसऱ्या दिवशी चौकशी झाली. ग्रामपंचायतीच्या त्याच खोलीत, त्याच टेबलाशी. साहेबांनी विचारलं, हे खांब चुकीच्या जागी आहेत हे कुणाला माहीत होतं का? मी तोंड उघडायच्या तयारीत होतो. निदान आजवर मी स्वतःला तसं सांगत आलो. माझ्या आधी भाई बोलले.

"वाट काढायचा मान माझा. यंदा म्या खांबावरनंच काढली. खांब बराबर हायत, असं भाऊसाहेबांना म्याच सांगितलं. चूक माझी."

"आणि त्या चिंध्यांच्या काठ्या?"

"त्या उगंच लावल्यात, रीत म्हणून."

मी भाईंकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. जबाब लिहून झाला, त्यांनी अंगठा दिला, साक्षीदार म्हणून मी सही केली. नोकरी, मुलीची शाळा, भोरात घेतलेली जागा, हे सगळं त्या दोन मिनिटांत माझ्या डोळ्यांपुढून गेलं आणि मी गप्प राहिलो. बाहेर वहिनी उभ्या होत्या. "भाऊसाहेब," त्या हळू म्हणाल्या, "भाई वाट चुकायचं मानूस न्हाई." मी चपला घालण्यात बराच वेळ घालवला.

गावाने ग्रामसभा घेतली. मानकऱ्यानेच वाट चुकली म्हणून सांगितलं, तेव्हा देवाला आता माणसांची येजा नको आहे, असं म्हाताऱ्यांचं मत पडलं. काठाच्या खाली बाहेरच्या कुणी उतरायचं नाही, गाड्या फाट्यावर थांबवायच्या, देऊळ वरून करंजाखालून बघायचं, असा ठराव झाला. पूजेसाठी गुरवाला पाणी उंबऱ्याला असतानाच होडीतून न्यायचं. नवे खांब पुरायची साहेबांची योजना त्या ठरावापुढे तशीच राहिली. माझी आंबवड्याकडे बदली झाली आणि मी सुटकेचा श्वास टाकला.

पावसाळा मी कसा काढला ते माझं मला माहीत. एका माणसाने आपल्या घराचा तीन पिढ्यांचा मान माझ्या नोकरीसाठी टाकून दिला, हे मनातून जाईना. दिवाळी झाल्यावर एका दुपारी मी भोरला त्यांच्या घरी गेलो. भाई ओसरीवर बसले होते. बारीक झाले होते, छातीत घरघर होती. भाभींनी चहा ठेवला. मी म्हणालो, "भाई, मी त्या दिवशी बोलायला हवं होतं. तुम्ही माझ्यासाठी—"

"तुमच्यासाठी न्हाई," ते म्हणाले.

ते रागावलेले नव्हते. एखाद्याला होडीत कुठं बसायचं ते सांगावं तसे सांगत होते.

"खांब चुकलं असं निघालं असतं, तर सायबानं म्होरल्या साली खांब हलविलं असतं. त्याच्या म्होरल्या साली आनि हलविलं असतं. सडक केली असती. मान्सं उतरतच ऱ्हायली असती, आन म्या किती दिस पुरणार? वाट काढणाराच चुकला म्हणल्यावर गाव भ्यालं. गाव भ्यालं, म्हणून वाट बंद झाली. दुसऱ्या कशानं झाली नसती."

पाच महिने मी स्वतःला त्या गोष्टीच्या मध्यभागी धरून बसलो होतो. त्यांच्या हिशोबात मी नव्हतोच.

"वहिनी परवा येऊन गेल्या," भाई पुढे म्हणाले. "म्हणत्यात, पाव्हण्यांना नगं, पर गावापुरती वाट तुमीच काढा. मान तुमचाच हाय. म्या न्हाई म्हणलं. एकाचं पाऊल गाळात उमटलं की त्याच्यावर दुसरं पडतंय." ते खोकले. "पर माझी पोरं हायत. उद्या ती मागतील. बरं झालं तुमी आला. कागद लिवा."

"कसला?"

"आमच्या घराकडला मान आमी सोडला. आमच्यातलं कुणी मागितला तरी गावानं देऊ नये."

"आणि नात? तिला तुम्ही दाखवणार होता."

"तिला काठावरनं दावीन."

भाभी आतल्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. मी वही काढली आणि लिहायला लागलो. इतकी वर्षं असले कागद लिहिलेले, हात आपोआप चालत होता. 'मौजे' लिहिलं, गावाचं नाव लिहिलं, त्यांचं पूर्ण नाव विचारून लिहिलं. वाट कुठपासून कुठपर्यंत, मान कुणी दिला, कधीपासून. त्यांनी सांगितलं तेवढंच, त्यापुढे काही नाही. मग वाचून दाखवला. ते डोळे मिटून ऐकत होते. शेवटी मी वाचलं, "सदरचा मान आम्ही आज रोजी स्वखुशीने सोडून देत आहोत."

त्यांनी डोळे उघडले.

"खुशीनं न्हाई, भाऊसाहेब," ते म्हणाले. "तेवढं खोडा."

मी तो शब्द खोडला. कागदावर खाडाखोड केली की शेजारी लिहिणाऱ्याने सही करायची असते. मी सही केली आणि अंगठ्यासाठी कागद त्यांच्यापुढे धरला.